पालथ्या होडीचं छत

“मावशी, हट्ट करू नका. मनोरा कधी खाली येईल, नेम नाही,” फादर म्हणाले. सुतार चर्चच्या मोठ्या दारावर आडव्या फळ्या ठोकत होता.

“एकदाच यांना आत नेऊन आणते, फादर. पाया पडते तुमच्या.”

फादरांनी मान हलवली.

म्हातारा राखणदार बायकोशेजारी नुसता उभा होता. उभा जन्म त्याने इथे झाडलोट केली, घंटा वाजवली, आल्यागेल्याला चर्च दाखवलं. अलीकडे मात्र त्याला काही आठवेनासं झालं होतं. स्वतःच्या घरात तो पाहुण्यासारखा अवघडून बसे, बायकोला ‘बाई’ म्हणे. चर्चमध्ये पाऊल टाकलं, की मात्र त्याची जीभ सैल व्हायची. आणि बोलत बोलत वेदीपाशी आला, की तो बायकोला ओळखायचा. तेवढ्या ओळखीवर ती पुढचा आठवडा रेटायची.

तिने त्याचा हात धरला, वळसा घालून मागच्या दाराशी गेली आणि खांद्याने दार ढकललं.

आत येताच त्याची पाठ ताठ झाली. “ही उत्तरेची भिंत सगळ्यांत जुनी. नदीतले गोटे आहेत. खिडक्या बघा, वीतभर! लुटारू आले की गाव इथेच लपायचं. पुढे माणसं वाढली, तेव्हा दक्षिणेकडे या टोकदार कमानी काढल्या. खांब एकसारखे नाहीत, कारण मधेच साथ आली न् गवंडीच गेले.”

“आणि छत?” तिने घाईने विचारलं. वरून चुना भुरभुरत होता.

“ते होड्या बांधणाऱ्यांनी केलं. त्यांना दुसरं काय येणार? पालथी होडीच घातली डोक्यावर! मनोरा मागाहून हौसेने चढवला, पण पाया जुनाच ठेवला.”

ती त्याला जवळजवळ ओढतच वेदीपाशी घेऊन आली.

“आणि इथे,” तो थांबला, “इथे माझं लग्न लागलं.”

“कुणाशी?”

त्याने तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. “तुम्ही नाही ओळखणार, बाई. बाहेरगावच्या दिसता.”

तिने वेदीपुढचा कठडा घट्ट धरला. “कशी होती हो ती?”

“तोंडाळ!” तो हसला. “पण मी तापाने पडलो, तेव्हा मनोऱ्यावर चढून तिनेच घंटा वाजवली. गावाला पत्ता नाही लागला.” मग तो कावराबावरा झाला. “कुठे गेली कोण जाणे. एव्हाना यायला हवी होती.”

“मावशी!” फादर मागच्या दारातून धावत आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“यांना तुम्ही न्या, फादर. माझ्याबरोबर नाही यायचे, बायकोची वाट बघतायत. ती बाहेर उभी आहे म्हणून सांगा.”

फादर क्षणभर घुटमळले. मग त्यांनी म्हाताऱ्याच्या दंडाला धरलं. “चला काका, त्या बाहेर थांबल्यात.”

“आली होय!” म्हाताऱ्याने दोन्ही तळव्यांनी केस चापून बसवले आणि तो लगबगीने दाराकडे निघाला.

ती थोडं अंतर ठेवून मागून चालू लागली.