बांधावरच्या दोन ओळी

चिंतामणीच्या नावचं पत्र आलं ते नेमकं वसुबारसेच्या दिवशी. डेहराडूनहून निघालेलं, सरकारी पाकिटातलं. आईनं ते आधी देवापुढं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि मगच त्याच्या हातात दिलं.

पत्रात घरच्या सगळ्यांना पुरेल एवढा आनंद होता आणि एकट्या त्याला पुरेल एवढं दुःख. हवाई दलात अधिकारी म्हणून त्याची निवड झाली होती, पण वैमानिक म्हणून नाही. हातापायांचा मेळ तपासणाऱ्या त्या यंत्रावर तो नापास झाला होता, आणि ती परीक्षा माणसाला जन्मात एकदाच देता येत होती.

सोबत एक छापील अर्ज होता. त्यावर तीन चौकोन. पहिला नेव्हिगेटरचा, म्हणजे वैमानिकाच्या मागं बसून आपण कुठं आहोत आणि कुठं वळायचं ते सांगणाऱ्याचा. दुसरा जमिनीवरच्या कामाचा, विमानं सुखरूप उतरवून घेणाऱ्यांचा. तिसरा चौकोन, इच्छा नाही. एकावर खूण करायची, सही करायची आणि पंधरा दिवसांच्या आत धाडायचं.

"तिसराही वाईट नाही," त्याचे वडील, आण्णा, म्हणाले. अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं झाली होती. "साहेबांच्या कानावर घातलंय मी. पहिल्या तारखेपासून चिकटशील. जेवायला घरी येशील."

लढाईच्या दिवसांत, दहा-अकरा वर्षांचा असताना, मलंगगडाच्या बाजूला लष्करानं केलेल्या धावपट्टीच्या कुंपणाशी चिंतामणी तासन्‌तास उभा राहायचा. तेव्हापासून त्याला एकच ठाऊक होतं, वर जायचं.

मित्र शशिकांत उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये एका सिंधी शेटच्या कापडदुकानात होता. त्यानं पत्र वाचलं, उलटं करून पाहिलं आणि परत दिलं.

"म्हणजे ड्रायव्हर नाही केलं तुला. आता कंडक्टर हो, नाहीतर स्टेशनमास्तर."

"कंडक्टर निदान गाडीत तरी असतो."

"मग हो की कंडक्टर. पोरीवाल्यांना मात्र वैमानिकच सांग. वर कोण मरायला बघायला येतंय."

चिंतामणी हसला आणि त्याच वेळी त्याचं मन पहिल्या चौकोनाकडं कललं.

अमावास्येला, लक्ष्मीपूजनाच्या आधी परत येतो असं आईला सांगून तो सायकलीवर टांग टाकून निघाला. अर्ज खिशात होता. धावपट्टीवर बसायचं, खूण करायची आणि यायचं, इतकंच मनात होतं.

धावपट्टी आता ओसाड होती. काँक्रीटच्या भेगांतून गवत वर आलं होतं. कुंपण लोकांनी कधीच नेलं होतं. दोन्ही अंगांना पिवळं पडलेलं भात उभं होतं. गडाचा सुळका काळा पडला, वारा थांबला, बगळ्यांची शेवटची माळ निघून गेली. चिंतामणीनं अर्ज गुडघ्यावर पसरला आणि पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात विमानाचा आवाज आला.

लांबून, ढगापलीकडून यावा तसा. पण वर ढग नव्हता. चांदण्या एकेक दिसायला लागल्या होत्या. तो उभा राहिला, मान मोडेपर्यंत पाहिलं. आवाज डोक्यावरून गेला, वळला, परत आला. त्या आवाजाच्या वाटेतली एकही चांदणी झाकली गेली नाही.

विमान काहीतरी शोधत होतं. असं घिरट्या घालणं तो लहानपणी पाहून होता. आणि मग त्याला पूर्वेला, गडाच्या पायथ्याकडं दिवे दिसले. दोन सरळ ओळी, समांतर, शांत जळणाऱ्या. अगदी धावपट्टीच्या दिव्यांसारख्या.

त्याच्या अंगावर शहारा आला, पण तो आनंदाचा. आपल्याला आधी दिसलं. आपण वर असतो तर आपणच सांगितलं असतं. तो स्वतःशीच पुटपुटला, "उजवीकडे घे. अजून थोडं."

आवाज उजवीकडे वळला.

"बस. आता सरळ. दिवे समोर आहेत."

आवाज सरळ झाला. खाली येऊ लागला. इंजिनाची घरघर मंद झाली, जशी उतरताना होते. चिंतामणीच्या हातातलं पेन गळून पडलं.

"काय बघतंस रं बाला?"

मागं एक म्हातारी उभी होती. हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत नेसलेली, हातात काठी. सणाच्या सांजेला तिच्या हाती दिवा नव्हता.

"ते दिवे, आजी. तिकडचे, दोन ओळी."

म्हातारीनं तिकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं, आणि पाहतच राहिली.

"तिथं दहा वर्सं कुनी दिवा लावला नाय," ती म्हणाली.

त्याच क्षणी आवाज तुटला. स्फोट नाही, आग नाही. दोर कापावा तसा तुटला. चिंतामणीनं पुन्हा पूर्वेला पाहिलं तर तिथं भात आणि अंधार, दुसरं काही नव्हतं.

म्हातारीचं नाव कौसाबाई. ती काँक्रीटच्या कडेला बसली आणि त्यालाही बसवलं.

ही जमीन तिच्या सासऱ्याची. लष्करानं घेतली तेव्हा फक्त पूर्वेचा एक तुकडा राहिला. त्या तुकड्याच्या बांधावर शेताच्या राखणदार देवाचा दगड. दिवाळीच्या अवसेला घरापासून दगडापर्यंत बांधावर दिव्यांची एक ओळ लावायची, ही घरची रीत. लष्करानं ती बंद करायला सांगितली होती.

"माझा आनंदा हितंच कामाला व्हता. सांज झाली का पट्टीच्या दोन्ही अंगांना रॉकेलचे दिवे मांडायचा. त्या वर्सी त्याला ताप भरला. असा, का वाचंल वाटत नव्हतं. मी राखणदाराला बोलले, माझा पोर उठव, तुझ्या बांधावर एक नाय, दोन ओळी लावीन."

"आणि तो उठला?"

"त्याच अवसेच्या सांजेला घाम फुटला. मी पोराला घोंगडी घातली नि पणत्या घेऊन गेले. बोललेलं फेडायला नको?" तिनं काठी जमिनीवर टेकवली. "त्याच्या जागी दुसरा मानूस आला तो उशिरा आला. पट्टी काळोखी नि माझा बांध उजळलेला. विमान बांधावर उतरलं. तीन जनं व्हती. माझा वाचला नि त्यांची तिघं गेली."

तिनं काठीनं पूर्वेचा बांध दाखवला.

"आवाज दर वर्साला येतो. अवस, पाडवा, भाऊबीज, तीन सांजा. आख्ख्या गावाला ऐकू येतो, म्हनून कुनी हिकडं फिरकत नाय. मी बसते. पन दिवे कुनालाच दिसत नाय, बाला. माझ्या डोळ्यांनाबी नाय. ते त्यांना दिसलेले दिवे. तुला कसे दिसले?"

चिंतामणीनं पडलेलं पेन उचललं, अर्ज घडी करून खिशात ठेवला. आपण त्यांना वाट सांगितली, हे तो तिला सांगू शकला नाही.

त्या रात्री पूजेला तो बसला, लाह्या-बत्तासे तोंडात घातले, चव कळली नाही. यंत्रावर हातपाय चुकले होते, त्याचं त्याला इतके दिवस वाईट वाटत होतं. आज जीभ चुकली होती. आणि चुकताना किती आनंद झाला होता, ते त्याला विसरता येईना.

पाडव्याला आईनं आण्णांना ओवाळलं आणि तो बाहेर पडला. दिवस असतानाच कौसाबाईच्या झोपडीशी पोचला.

"तुमच्याकडे ते पट्टीचे दिवे आहेत का, आजी?"

होते. माळ्यावर रचून ठेवलेले. चहाच्या किटलीसारखे लांब चोचीचे डबे, चोचीत जाड वात. तिच्या मुलानं, आनंदानं, दहा वर्षांत त्यांना हात लावला नव्हता. ते उतरवताना तो दारातून पाहत होता. पस्तिशीचा, पण केस पांढरे झालेले. सायकलीवर आणलेलं रॉकेल भरून चिंतामणी आणि कौसाबाई चार-पाच फेऱ्यांत डबे पट्टीवर घेऊन गेले आणि मांडू लागले.

"एवढे जवळ नाय," मागून आवाज आला. आनंदा आला होता. "साठ पावलं. मधी साठ पावलं पायजे."

त्यानं स्वतः चालून दाखवलं. मग खाली बसला, काडी ओढली. वात पहिल्याच काडीला पेटली.

पट्टीच्या दोन्ही अंगांना दिवे लागले तेव्हा पुरता काळोख झाला होता. आवाज आला, तसाच लांबून. चिंतामणी पट्टीच्या टोकाला कंदील घेऊन उभा होता. त्यानं ठरवलं होतं, पूर्वेला पाहायचं नाही. तरीही पाहिलं. बांधावरच्या ओळी जळत होत्या, या धुरकट डब्यांपेक्षा कितीतरी नेटक्या, कितीतरी उजळ. वरून कुणीही त्याच निवडल्या असत्या. त्यानंही निवडल्याच होत्या.

आवाज तिकडं वळू लागला.

"तिकडे नाही," तो म्हणाला. ओरडला नाही. शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तसं म्हणाला. "ते दिवे तुमच्यासाठी लावलेले नाहीत. मी खाली उभा आहे. माझ्याकडे या."

घरघर जागच्या जागी घुटमळली. त्यानं कंदील डोक्यावर धरला. हात भरून आला, खांदा दुखू लागला, तरी धरून ठेवला. कौसाबाई तोंडानं कसलातरी जप पुटपुटत होती.

मग आवाज वळला. खाली आला. समोर काही नव्हतं, फक्त पट्टीच्या दूरच्या टोकाचे पहिले दोन दिवे एकदम विझले. मग पुढचे दोन. मग त्यापुढचे. जोडीजोडीनं विझत तो काळोख त्याच्याकडं धावत आला, गवत दोन्हीकडं झोपत गेलं, आणि पळत सुटावं असं त्याचं सगळं अंग ओरडत असताना तो हलला नाही. शेवटची जोडी त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला होती. ती विझली नाही. ज्योती नुसत्या आडव्या झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या.

तापलेल्या तेलाचा वास आला. पूर्वेला बांध काळा होता.

आनंदा हात जोडून वाकला. कौसाबाई उठून उभी राहिली, डोईवरचा पदर सारखा केला, पाहुणे आल्यावर करतात तसा.

चिंतामणी त्या दोन दिव्यांमध्ये खाली बसला. खिशातून अर्ज काढला. तिसरा चौकोन त्यानं पाहिला, आण्णा आठवले. पहिल्यावर नजर जरा जास्त वेळ थांबली. मग त्यानं दुसऱ्या चौकोनात खूण केली.

सही करताना त्याच्या मानेवर श्वास लागला. कुणीतरी खांद्यावरून वाकून वाचत होतं, एक नव्हे, डाव्या खांद्यावरूनही, उजव्याही. तो वळला नाही. त्यानं पूर्ण नाव लिहिलं, खाली तारीख घातली. शेवटचा आकडा पूर्ण होईपर्यंत तो श्वास रोखलेला होता. मग तो सुटला, आणि मागं कुणी उरलं नाही.

आनंदा एकेक डबा उचलून आणत होता. विझलेले होते, तरी हाताला चटका बसेल इतके गरम, म्हणून त्यानं धोतराचा सोगा हाताला गुंडाळला होता.