डोळे तपासणीच्या जाहिरातीखालची नोटीस

मी एक जुना सूचनाफलक आहे आणि गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारपर्यंत मी स्वतःला फार प्रामाणिक समजत होतो. मित्रांनो, अंगावर जे लावतील ते दाखवायचं, पदरचं काही सांगायचं नाही, असं माझं साधं वागणं. त्याचा मला ताठाही होता. त्या मंगळवारी सकाळी दहा वाजता तो असा उतरला की माझ्या चौकटीचे सांधे अजून जाग्यावर आलेले नाहीत. ते सांगतोच, पण आधी माझी थोडी ओळख करून घ्या.

गावातल्या सेवा मंडळाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मंडळाने मला बनवून घेतलं. सुताराने सागवानी चौकट जोडली, आत मऊ फळी बसवली आणि तिच्यावर हिरवं कापड ताणून मारलं. मधोमध पांढरी रेघ ओढली. डावी बाजू मंडळाची, उजवी नगरपालिकेची. रिक्षा थांब्याजवळ दोन खांबांवर मला उभं केलं आणि पाऊस अडवायला डोक्यावर पत्रा घातला. पत्रा एका सभासदाने दिला होता. दिला म्हटल्यावर नाव हवंच. नावाची पट्टी त्याच पत्र्यातून कापली आणि माझं छप्पर उजवीकडे हातभर तोकडं पडलं. नाव दुरूनही सुरेख वाचता येतं. त्याच्याखाली पालिकेच्या नोटिसा भिजतात.

माझी उमेदीची वर्षं बघण्यासारखी होती. मंडळाने रक्तदान केलं, बाकडी बसवली, दवाखान्याला चाकाची खुर्ची दिली. दोनशे रोपं पाच वेळा लावली, आणि पाचही वेळा त्याच खड्ड्यांत लावली. पण फोटो दरवर्षी नवे असत, ते खोटं कसं बोलू? उजवीकडे पाणी कधी येणार, रस्ता कुठे खोदणार, सभा केव्हा, असा पालिकेचा कारभार चाले. येणारे-जाणारे म्हणत, "हा फलक आहे म्हणून गावाला काही कळतं तरी!" मी फुगून जायचो.

माझ्यासमोर दिवसाला सरासरी चाळीस माणसं उभी राहतात. मी मोजली आहेत. पंचवीस रिक्षाची वाट पाहणारी, आठ सावलीला आलेली, सहा फोटोत स्वतःला शोधणारी. उरलं एक. ते माणूस मला खरोखर वाचायचं.

ती म्हणजे शेजारच्या टपरीत शिवणकाम करणारी मावशी. उंची कमी कर, चेन बदल, उसवलेलं शिव, अशी कामं ती एकोणीस वर्षं तिथे बसून करते. घरी अंथरुणाला खिळलेली सासू आणि शिकणारी मुलगी. दोघींचं सगळं त्या एका मशिनवर. सकाळी टपरी उघडली की ती आधी माझ्यापुढे यायची, वरपासून खालपर्यंत वाचायची आणि मग थांब्यावर हाळी द्यायची, "अरे, उद्या पाणी नाही बरं का! आजच भरून ठेवा, नंतर माझ्या नावाने बोंबलू नका."

रिक्षावाले तिला म्हणत, "मावशी, तुम्हाला पालिकेने पगारावर ठेवायला पाहिजे."

"नको रे बाबा," ती म्हणे, "मग मलाही काही ऐकू येईनासं होईल."

माझ्या अंगाला हात लावणारी माणसं दोन. एक पालिकेचा शिपाई. नोटिसा लावताना त्याच्या ओठांत सदा टाचण्या, म्हणून त्याला सगळे टाचणी म्हणतात. दुसऱ्या म्हणजे आमच्या मंडळाच्या चिटणीस, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे बाई म्हणतात, त्यांचे यजमानसुद्धा.

बाईंनी एक नियम घालून दिला होता. मंडळाचा कोणताही कागद माझ्यावरून काढायचा नाही, नवा त्याच्यावर लावायचा. झालं असं होतं की एकदा एका सभासदाच्या सत्काराचा कागद तीन दिवसांत काढला, तर तो वर्षभर बैठकीला फिरकला नाही. तेव्हापासून कुणाचंच मन दुखवायचं नाही, झाकायचं. मी डाव्या अंगाने जाड होत गेलो. लोकांना वाटायचं, मंडळाचं काम वाढतंय.

टाचणीने स्वतःपुरती वेगळी वाट काढली होती. उजवीकडे कागद भिजून लोंबतात आणि साहेब रागावतात, म्हणून ढगाळ दिवशी तो पालिकेची नोटीसही डाव्या, कोरड्या बाजूला लावायचा. नोटीस लागल्याच्या वहीत फलकाच्या मालकाची सही लागते, म्हणजे बाईंची. तो वही घेऊन त्यांच्या घरी जायचा. सही करण्याआधी बाई फलक पाहायला कधी आल्या नाहीत. वहीतल्या चुका मात्र लाल पेनाने सुधारायच्या आणि खाली झोकदार सही ठोकायच्या.

तो मंगळवार उजाडला. मावशीच्या मशिनवर शाळेचा एक स्कर्ट होता, अर्धी किनार दुमडलेला. एक ट्रॉली येऊन थांबली. तिच्यातून पहार घेतलेले दोन मजूर उतरले आणि मागून पालिकेचे अभियंते. हातात नकाशा.

"ही टपरी ना?" त्यांनी विचारलं. "सामान काढून घ्या हो. अर्धा तास देतो."

मावशी हसली. तिला वाटलं, माणूस पत्ता चुकला. "कसलं सामान, साहेब?"

"इथे कारंजं होणार आहे. सेवा मंडळ बांधून देतंय. नोटीस लागली होती, पंधरा दिवस हरकतीला दिले होते. काल मुदत संपली. एकही हरकत नाही आली."

"नोटीस? कुठे लागली होती?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

मित्रांनो, मी मनात म्हटलं, साहेब खोटं बोलताहेत. माझ्या अंगावर असं काही नाही. मावशी तर उघडच म्हणाली, "मी हा रोज वाचते. अक्षर न् अक्षर वाचते. विचारा या रिक्षावाल्यांना."

"मावशीने वाचलं नाही म्हणजे लागलंच नाही," एक रिक्षावाला म्हणाला.

साहेबांनी वही उघडून सही दाखवली. तेवढ्यात कारंज्याची जागा बघायला बाईही येऊन पोचल्या. सही पाहून म्हणाल्या, "हो, माझीच." मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. पुढे होऊन त्यांनी माझ्या डाव्या बाजूची मोठी रंगीत जाहिरात खालून उचलली. 'मोफत डोळे तपासणी शिबिर'. शिबिर होऊन आठवडा झाला होता. त्या जाहिरातीच्या चार टाचण्या बाईंच्याच हातच्या, पंधरा दिवसांपूर्वीच्या एका संध्याकाळी मारलेल्या.

खाली नोटीस होती.

कोरडी, स्वच्छ, शिक्क्यासकट. टपरीचं वर्णन, कारंज्याचं वर्णन, हरकतीच्या मुदतीची कालची तारीख. पंधरा दिवस ती माझ्या पोटात होती आणि मला पत्ता नव्हता. बाईंच्या हाताला धक्का लागून आणखी खालचे कागद सुटले. पाणी बंदची एक नोटीस, पाच महिन्यांपूर्वीची. त्या दिवशी गावभर आरडाओरडा झाला होता. त्याखाली घरपट्टी सवलतीची. त्याखाली दवाखान्याची बदललेली वेळ. मी गावाला बातम्या देत होतो म्हणे! मी त्या गिळत होतो.

थांब्यावर एका रिक्षाचं इंजिन चालू होतं, ते रिक्षावाल्याने बंद केलं.

मावशी नोटिशीपाशी गेली आणि वाचू लागली. पहिल्यांदाच मोठ्याने नाही. वाचून झाल्यावर तिने टाचणीकडे पाहिलं. साहेबांबरोबर आलेला तो ट्रॉलीआड उभा होता.

"तू लावलीस?"

त्याने मान डोलावली.

"माझ्याकडे चहा पिऊन गेलास ना रे त्या दिवशी? सदऱ्याचं बटण लावून घेतलंस!"

"मावशी, तोंडाने सांगायला धीर झाला नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही वाचालच. तुम्ही तर सगळंच वाचता."

माझ्यापासून तिची टपरी सहा पावलांवर आहे. मी कितीदा तरी मोजली आहेत. तेवढं अंतर चुकवण्यासाठी त्याने मला पुढे केलं होतं.

अभियंते घसा खाकरून म्हणाले, "वाईट वाटतं. पण वहीत सही आहे. नोटीस दिसत होती, असाच तिचा अर्थ. आता ती सहीच चुकीची होती असं लिहून मिळालं, तर गोष्ट वेगळी."

सगळे बाईंकडे पाहू लागले. मुलांच्या खोट्या सह्या पकडण्यात बाईंची हयात गेली होती. त्या सहीने आजवर कुणापुढे मान खाली घातली नव्हती. शिवाय कारंजं मंडळाचं, आणि नकाशा त्यांनीच मंजूर केलेला. त्यांनी साहेबांच्या हातातला नकाशा ओढून घेतला. टपरीच्या ठिकाणी लिहिलं होतं, 'रिकामी जागा'. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग मावशीच्या मशिनसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि स्कर्ट हलकेच बाजूला सारून लिहू लागल्या.

'मी फलक न पाहता सही केली. नोटीस झाकणारी जाहिरात मीच लावली. मुदत आजपासून धरावी.'

या वेळी पेन लाल नव्हतं आणि सही अगदी साधी होती.

ट्रॉली परत गेली. मंडळात मोठं वादळ झालं. "गावासमोर असं लिहून द्यायची काय गरज होती?" असं म्हणणारे नऊ निघाले आणि गप्प बसणारे चौदा. बाईंच्या बाजूने बोलणारे दोन, त्यातले एक यजमान. बाईंचं चिटणीसपद गेलं. मावशीने चार ओळींची हरकत लिहून दिली. सुनावणी झाली. निकालाची वाट पाहताना ती मशिन चालवायची, पण टाका वाकडा जायचा, आणि उसवून पुन्हा घालायची.

निकाल निघाला त्या दिवशी टाचणी आला. ओठांत टाचण्या होत्या, हातात कागद होता. सवयीने तो माझ्यासमोर उभा राहिला. मग त्याने एकेक टाचणी तोंडातून काढून खिशात टाकली, माझ्याकडे पाठ केली आणि चालू लागला. एक, दोन, तीन... सहा.

"मावशी," तो म्हणाला, "टपरी राहतेय. कारंजं पालिकेच्या आवारात होणार. कागद नंतर वाचा, आधी ऐका. टपरी राहतेय."

मावशीने मशिनवर दोन्ही हात टेकले. मग म्हणाली, "एवढंच तर चालून यायचं होतं रे तुला."

मित्रांनो, मी लाकूड आणि कापड आहे. मला टोचाल ते मी धरून ठेवीन, झाकाल ते झाकलेलं ठेवीन. वाचलं गेलं की नाही हे मला कळत नाही. एवढे धडधडीत कागद पोटात असून कळलं नाही! म्हणून विनंती करतो. माझ्यावर नवा कागद लावण्याआधी जुना उचलून बघा. आणि ज्या माणसाबद्दल तो कागद आहे, त्याच्याकडे आधी स्वतःच्या पायांनी जा. माझी फळी तेवढा वेळ कोरी राहिली तरी चालेल.