खालच्या मजल्यावरचे मांजू

डॉक्टरांनी आमच्या ह्यांना वसंतातच दम दिला होता, "तेत्सुरोसान, साखर अशीच राहिली तर पाय जाईल. हालचाल करा." बाहेर फिरायची ह्यांना लाज, म्हणून मी तो खेळ आणला. मांडीला पट्टा बांधून टीव्हीसमोर जागच्या जागी धावायचं, की पडद्यावरचा माणूस डोंगर चढतो.

आता चौथ्या मजल्यावर रोज सकाळी धपधप म्हणजे खालच्याच्या डोक्याला ताप. मी पहाटेच जेवणाच्या डब्यांच्या दुकानात कामाला जाते, तरी दर पंधरवड्याला मांजूंचा, म्हणजे लाल पुरण भरलेल्या गोड पावांचा, खोका घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या कुरोसेकाकांपुढे कमरेत वाकायचे. "आवाजाचा त्रास होत असेल, सांभाळून घ्या."

"छे हो, कसला त्रास!" काका म्हणायचे. मला वाटायचं, किती भला माणूस.

आणि हे मला रोज पडदा दाखवायचे, "बघ, आज तीन डोंगर!" मीही खुळी, लेकीला फोन करून सांगायचे.

काल दुकानातला गॅस बिघडला, सकाळीच सुट्टी झाली. खोका घेऊन परस्पर काकांकडे गेले. त्यांनी तो हातातच घेतला नाही.

"वहिनी, आता नको. मला खोटं बोलवत नाही. वर कधी पाऊल वाजलेलं मी ऐकलं नाही. आणि मांजू मी खात नाही. तेत्सुरोच येऊन संपवतो."

म्हणजे चार महिने मी माझ्या हातानं ह्यांना साखर चारली, वर माफीही मागितली!

वर आले तर हे सोफ्यावर बसून पट्टा खुळखुळ्यासारखा हलवतायत. माझं डोकंच फिरलं.

"उठा! धावा! मला आवाज ऐकायचाय."

"अगं मित्सुए, ऐक तरी..."

"धावा म्हणते ना!"

धावले बिचारे. दहा-बारा पावलं. आणि चटईवर लाल डाग उमटायला लागले. मी मोजा ओढून काढला. डाव्या टाचेला बोटभर जखम.

"अहो, दुखत नाही?"

"काहीच कळत नाही तिथं. उन्हाळ्यापासून. सांगितलं असतं तर तू दवाखान्यात नेलं असतंस."

"मग न्यायला नको होतं?"

ह्यांनी माझ्या हातातून मोजा काढून घेतला. मांजू खाल्ले, डोंगर खोटे चढले, तेवढं मी रडून-ओरडून विसरलेही असते. पण लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, आणि उन्हाळ्यापासून हे आपले मोजे आपणच धुवायला लागले होते. मी ते अख्ख्या इमारतीत कौतुकानं सांगत फिरले.