बुटातला पाय

बू रहील पायांत अंतर ठेवून, गुडघे न वाकवता, पुढचे पाय बांधलेल्या उंटासारखा चालून दाखवत होता आणि तंबूतली माणसे हसत होती. तेरा वर्षे लिबियात काढून तो कालच अलामीनला परतला होता. त्याच्याकडे गोष्टींचा साठा होता, आणि चहाचे तिन्ही पेले झाल्याशिवाय कुणाला उठायचे नव्हते.

"अस्सा चालत होता पोरगा. मी म्हटलं, अरे, बूट तू घातलेस की बुटांनी तुला घातलंय?"

"कुठला पोरगा?" मिफताहने विचारले.

"तुझाच की. अतिया. पाण्याच्या टाक्यापाशी भेटला होता मला, तोफा सुटायच्या आदल्या दिवशी. गाभण सांडणी शोधत होता."

हसू एकेकाच्या तोंडावरून उतरले. बू रहीलला ते जरा उशिराच उमगले. तो खाली बसला.

"सापडला असेल, असंच मी धरून चाललो होतो," तो म्हणाला.

"कसले बूट?"

"इटालियन. बंद पडलेल्या लष्करी गाडीत मिळाले म्हणाला. दोन बोटं मोठे होते. मीच लोकर दिली कोंबायला. डाव्यात तांबडी, उजव्यात पांढरी. होती तेवढी दिली."

मिफताहने पेला वाळूत ठेवला. तो कलंडला. पडद्यापलीकडे, बायकांच्या बाजूला, जात्याचा आवाज थांबला होता.

मिफताह माग काढणारा होता. चोरीचा उंट कुठे गेला, रात्री तंबूजवळून कोण गेले, ती बाई पोटुशी होती की डोक्यावर ओझे होते, हे तो वाळूवरून सांगे. आणि सांगताना इतका शांत असे की ऐकणाऱ्याला राग यावा. त्याच्या शब्दावर पंचायतीत निवाडे होत. आपण चुकलो, असे त्याने आजवर कबूल केलेले नव्हते. त्याचे म्हणणे, तशी वेळच आली नव्हती.

युद्धाच्या वेळी इंग्रजांनी सगळ्या टोळीला उचलून पूर्वेला नेऊन बसवले. सतरा वर्षांचा अतिया मागे राहिलेल्या सांडणीसाठी परत फिरला. चौथ्या दिवशी क्षितिजावर तोफा सुटल्या आणि बारा दिवस बोलत राहिल्या. इथेच युद्धाने तोंड फिरवले, असे पुढे एक इटालियन कप्तान म्हणे. फिरवले असेल. अतिया फिरला नाही. आणि हरवलेल्याचा शोक धरत नाहीत. तंबू ठोकायचा नाही, कडू कॉफी करायची नाही, कुणी येऊन हात धरायचा नाही. तेरा वर्षे मिफताहच्या घरी कुणी मेलेले नव्हते.

हा कप्तान युद्धानंतर आपल्या माणसांची हाडे गोळा करायला आला, तेव्हा मिफताह स्वतःहून त्याच्याकडे गेला. रोजगारासाठी गेला, असे लोक समजले. त्याने समजू दिले. प्रत्येक खड्ड्यात तो आधी वाकून पाहायचा. एकच अट त्याने घातली होती: मेलेल्याच्या पायातले बूट कुणीही अरब काढणार नाही. वाळवंटातले बदू प्रेतांचे बूट चोरतात, असे इंग्रज बोलत, ते त्याला झोंबले होते. बूट कप्तानने काढायचे. मिफताहने फक्त बुटाचा तळवा पाहायचा आणि सांगायचे. खिळ्यांच्या ठेवणीवरून तो सांगे, जर्मन, इंग्रज, इटालियन.

टाक्याच्या दक्षिणेला एक सांगाडा सापडला, त्याला सहा वर्षे झाली. फासळीत तोफगोळ्याचा तुकडा होता. मिफताहने तळवा पाहिला आणि म्हणाला, "इटालियन." कप्तानने बूट काढले. बुटाच्या जिभेच्या आत शाईने नाव होते: एत्तोरे पाव्हान. आतून लोकरीचे बोळे पडले, डाव्यातून तांबडा, उजव्यातून पांढरा. सैनिक थंडीला काहीही कोंबतात, असे मिफताह तेव्हा म्हणाला होता. खिळे वाचले आणि पाय वाचायचा राहिला.

बू रहीलने सांगितले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो इटालियनांच्या दफनस्थानी गेला. तिथला कारकून नकूला अलेक्झांड्रियाचा होता, चार भाषा बोलायचा आणि चारींत चेष्टा करायचा.

"शेख, तुम्ही आणि चूक? थांबा, तारीख लिहून ठेवतो."

मिफताह हसला नाही. त्याने सगळे सांगितले. नकूलाने पेन खाली ठेवले.

"नाव लागलेली पेटी हलवायची तर नातलगाची सही लागते," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याची आई दरवर्षी येते. या महिन्याच्या तेवीसला येईल. एकटीच असते. तिनं हो म्हटलं, तर कागद मी तयार ठेवतो."

घरी त्याच्या बायकोने, साबराने, काही विचारले नाही. पडद्याआडून तिने सगळे ऐकलेच होते. मधल्या अकरा दिवसांत तिने संदुकीतून पांढरे कापड काढले, धुतले, उन्हात वाळवले. मिफताहने पिराच्या दर्ग्यापाशी, स्वतःच्या बापाच्या डाव्या हाताला, एक लहान खड्डा खणून ठेवला. हाडांना फार जागा लागत नाही, हे त्याच्याइतके कुणाला माहीत होते?

तेवीसला तो गेला तेव्हा म्हातारी एत्तोरेच्या नावाच्या पाटीसमोर घडीच्या खुर्चीवर बसली होती. काळे कपडे, पायात पुरुषी बूट. नकूलाने तिला काहीतरी सांगितले, आणि ती दोन्ही गुडघ्यांवर हात रेटून उठली.

"ती विचारतेय, हेच का ते? माझ्या मुलाला शोधणारे?"

मिफताहने मान हलवली. खोटे नव्हते ते.

म्हातारी भराभर बोलू लागली. नकूला मधेमधे थांबवत सांगत होता.

"म्हणते, सहा वर्षं एक विचारायचं होतं. कप्तानला विचारलं, तर तो म्हणाला, हे विचारू नये. तो पडला कसा होता?"

मिफताहने रात्रभर घोकून एक वाक्य आणले होते. छोटेच होते: बाई, तो माझा आहे. पण तिने माग विचारला होता, आणि मागाबद्दल विचारले की त्याच्या तोंडून आधी तेच निघायचे.

"उजव्या कुशीवर. हात डोक्याखाली."

नकूलाने सांगितले. म्हातारीने स्वतःचा तळहात गालाखाली धरून दाखवला. असा?

"असा."

ती काहीतरी म्हणाली आणि तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला. "म्हणते, तो तसाच झोपायचा. पाळण्यात होता तेव्हापासून."

मिफताह तिच्या तळहाताकडे बघत राहिला. अतियाही तसाच झोपायचा. एका कुशीवर, गालाखाली हात. सकाळी गालावर बोटे उमटलेली असत.

म्हातारी पुढे आली. तिने त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. तो तिने सोडला नाही. तेरा वर्षांत असा हात कुणी धरला नव्हता. मिफताहने दुसऱ्या हाताने डोक्यावरचे कापड पुढे ओढले, डोळ्यांपर्यंत.

नकूला कागद घेऊन उभा होता. "सही इथं घ्यायची. सांगू तिला?"

"राहू दे."

"शेख, पुन्हा वर्षभर—"

"राहू दे म्हटलं ना."

"मग सांगू काय? ती वाट बघतेय."

मिफताहने घसा साफ केला. "सांग, त्याला पडल्यावर फार वेळ लागला नाही. आणि इथली जमीन कोरडी आहे."

साबरा तंबूच्या दारात उभी होती. तिने आधी त्याचे हात पाहिले, मग रिकामे खोगीर. ती आत गेली. तो मागोमाग गेला आणि पडद्याच्या तिच्या बाजूला बसला, जे तो दिवसा कधी करत नसे.

"आणलं नाहीस."

"नाही."

"ती नाही म्हणाली?"

"मी विचारलंच नाही."

साबराने कापडाची घडी मोडली, परत घातली. कडा जुळत नव्हत्या, म्हणून पुन्हा मोडली.

"कशी आहे?"

"म्हातारी. गुडघे धरतात तिचे. जहाजानं येते, एकटी. पाटीपुढं बसून राहते संध्याकाळपर्यंत."

"रडते?"

"रडते."

"माझ्या पोराजवळ बसून."

बाहेर कुणाची तरी सांडणी ओरडली, गप्प झाली. साबराने घडी गुडघ्यावर दाबून बसवली आणि कापड संदुकीत ठेवले. झाकण मात्र लावले नाही.

"पुढच्या वर्षी ती येईल तेव्हा मला घेऊन चल, अतियाच्या बा."

"तिला आपली भाषा येत नाही."

"मला कुठं बोलायचंय," साबरा म्हणाली.