कळ काढा, अण्णा

ज्येष्ठ कर्मचाऱ्यांच्या सत्काराची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती आणि सत्कारमूर्तींत माझेच वडील, म्हणजे माझी दोन्हीकडून पंचाईत. अण्णांनी याच कारखान्यात एकतीस वर्षं प्लंबर म्हणून काढली. या इमारतीतला एकूण एक पाइप त्यांच्या हातचा.

आमच्याकडे रीत अशी, की ज्याची नोकरी जास्त त्याचा सत्कार शेवटी. अण्णा सगळ्यांत जुने. त्यांच्या आधी अकरा म्हातारे, आणि एकालाही हातातला माइक सोडवत नव्हता.

सातवं भाषण चालू असताना अण्णांनी मला खुणेनं बोलावलं.

"अरे, जरा जाऊन येतो. पण संडासाला कुलूप आहे."

कुलूप मीच लावलं होतं. मोठे साहेब येणार म्हणून संडास सकाळी दोनदा घासून घेतला होता, त्यांच्याआधी कुणी आत पाऊल टाकायचं नाही असा माझा हुकूम. चावी माझ्याच खिशात होती.

"थोडी कळ काढा, अण्णा. साहेब जाऊन आले की उघडतो."

"नाही रे निघत. ती लघवीची गोळी चालू आहे, ठाऊक आहे ना तुला?"

"लहान मूल आहात का? चारचौघांत शोभा करू नका."

ते मुकाट्यानं गुडघे जुळवून बसले. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाऊण तासानं त्यांचं नाव पुकारलं. साहेब मानपत्र वाचू लागले, "यांच्यामुळे तीन दशकं इथे कुणाचीही गैरसोय झाली नाही." एवढ्यात अण्णांची पँट भिजत गेली आणि बुटांभोवती थारोळं साचलं. साहेबांनी वाचन थांबवलं नाही, फक्त पाय मागे घेतले.

अण्णांनी कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि गुडघ्यांवर बसून स्टेज पुसायला लागले.

"बघा!" साहेब माइकवर म्हणाले. "अजून हाताचं काम सुटलं नाही. याला म्हणतात निष्ठा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब माझ्याकडे बघत होते, म्हणून मीही वाजवल्या.

गाडीपाशी अण्णांनी दार उघडलं. "थांबा," म्हणालो आणि सीटवर वर्तमानपत्र अंथरलं. घर येईपर्यंत खिडकीवरचा दांडा दोन्ही हातांनी धरून अण्णा अर्धवट उठलेलेच राहिले, कागदालासुद्धा टेकले नाहीत.