अळणी माघ

माझा मोठा भाऊ लटारू मनाचा राजा आणि घरच्यांच्या जिवाला घोर. अंगात लहर आली की झोप सोडून धानाच्या बांध्या खोदत सुटायचा, कोठीतलं धान रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचा. लहर उतरली की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, आणि मग आम्ही विहिरीवर पहारा ठेवायचो.

छप्पन साली ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले. त्यांनी नागपूरहून मागवून भाऊला लिथियमच्या पुड्या सुरू केल्या. परदेशात हे औषध या आजारावर नुकतंच देऊ लागले होते म्हणे. माझा तर काडीचा विश्वास नव्हता. पण दिवाळीपर्यंत भाऊ माणसात आला. एके सकाळी मला म्हणाला, "काऊन रे, धान कापाले येत नाईस?" मी गोठ्यात जाऊन रडलो.

श्रेय मात्र डॉक्टरांना मिळालं नाही. सुगंधा वैनीनं मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोलला होता, की हे बरे झाले तर आम्ही दोघं माघात महाशिवरात्रीपर्यंत अळणी जेवू आणि त्या दिवशी जत्रेत नवस फेडू. वैनी एकदा बोलली की संपलं.

"वैनी, डॉक्टरनं उपास मना केला हाये," मी म्हटलं.

"हा कुठी उपास हाये? दोन्ही टाइम पोटभर जेवून राह्यले ते."

पोट भरलं असताना उपास कसला, हे आमच्या अख्ख्या गावाला पटलं असतं.

माघाचे आठ-दहा दिवस झाले आणि भाऊचा हात कापू लागला. वाटी तोंडाशी नेताना अर्धी पेज धोतरावर सांडायची. मग उलट्या सुरू झाल्या, जीभ जड झाली, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या. वैनीला वाटलं, नवसात खोट राहिली. कुठून तरी मिठाचा खडा पोटात गेला असणार. तिनं मडकी राखेनं घासून काढली, शेजारच्या घरून येणारं वाटीभर अळणी वरणही बंद केलं, आणि पुडी मात्र नेमानं देत राहिली. भाऊ आणखीच खचला. शेवटी मला ओळखेना, तेव्हा मी बैलगाडी जुंपली.

डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काही बदल केला का? वैनी ताठ मानेनं म्हणाली, "मीठ तं जिभीले लागू देल्लं नाई, साहेब."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "बाई, हे औषध मिठाच्याच जातीचं. अंगाला मीठ मिळालं नाही की अंग हे औषधच धरून ठेवतं, बाहेर जाऊ देत नाही. ते साचून आता विष झालंय. हाडांतल्या चुन्यासारख्या बाकीच्या खनिजांचंही ते काय करतं, मलाही अजून ठाऊक नाही. उपास नको म्हणालो, तेव्हा मिठाचं सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

त्यांनी पुड्या थांबवल्या, शिरेतून मिठाचं पाणी लावलं. भाऊनं डोळे उघडले तसे डॉक्टर म्हणाले, "आता मीठ घालून पेज पाजा."

वैनी जागची हलेना. "नवस मोडला तं देव ह्यायले परत तसंच करन," ती म्हणाली. मी चिडून काहीबाही बोललो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिला राग माझा नव्हता, भीती होती. विहिरीवरचे पहारे तिनंच तर जास्त दिले होते.

मग तिनं डॉक्टरांना एकच विचारलं, "मिठानं वाचतीन?"

"वाचतील."

तिनं पेजेत मीठ कालवलं, मार्कंड्याच्या दिशेनं हात जोडले. "देवा, नवस मी बोलली, ह्यायनं नाई. ह्यायच्या वाटचाबी माह्याकडून घेजो." आणि आपल्या हातानं भाऊला चमचा चमचा पेज पाजली.

महाशिवरात्रीला आम्ही तिघं मार्कंड्याला गेलो. पुड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, निम्म्या, मिठाच्या जेवणासोबत. दर्शन झाल्यावर वैनगंगेच्या वाळूत जेवायला बसलो. वैनीनं आपलं वरण वेगळं, अळणीच काढलं.

"आता काऊन?" भाऊनं विचारलं. "नवस फिटला ना."

"माहा फिटला. तुमच्या वाटचा फागुन बाकी हाये."

भाऊनं पुडक्यातलं मीठ चिमटीत घेतलं. "देवानं माह्या वाटचं माह्याकडून घेतलं, सुगंधा. मरून आलो मी. आता तुह्यावर काई बाकी नाई," तो म्हणाला आणि चिमूट तिच्या वरणावर धरली. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. हात स्थिर होता. वैनीनं पान मागे ओढलं नाही. मीठ वरणात पडलं, आणि ती रडत रडत जेवली.