कुणाचीही गाडी

मोहनरावांनी गल्ली बंद करवली ती पोरांच्या कळवळ्याने, असं सारी बारामती म्हणे आणि मोहनरावही ते खोडून काढत नसत. खरी गोष्ट अशी की पिंपळीकडच्या भाजीच्या गाड्या गल्ली अडवायच्या, म्हणून पोरं मोहनरावांच्या ओसरीवर धिंगाणा घालायची आणि कचेरीतून दमून आलेल्या माणसाचा डोळा लागू द्यायची नाहीत. कालव्याच्या कचेरीत वीस वर्षं लोकांचे अर्ज वाचलेल्या मोहनरावांनी मग स्वतःच एक अर्ज लिहिला. नगरपालिकेनं तो मान्य केला. रोज चार ते सहा गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवा. गाडी कुणाचीही असो, आत सोडायची नाही. ‘कुणाचीही’ हा शब्द मोहनरावांचा.

त्यांची लेक रतन हिला तीन स्थळांनी नाकारलं होतं. पोरगी नाकीडोळी नीटस, पण पाहुण्यांनी ‘चालून दाखव’ म्हटलं की दणादणा चालायची. महिनाभर मोहनरावांनी तिला सावकाश चालायला शिकवलं, स्वतः पुढं चालून दाखवत. आज शेळगावचं चौथं स्थळ यायचं होतं. हेही हुकलं तर पोरीचं कसं व्हायचं, या काळजीनं त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. वेळ त्यांनीच पंचांग पाहून कळवली होती, पावणेपाचची. पंचांगात बांबूचा उल्लेख नव्हता.

पाहुण्यांची बैलगाडी बांबूशी येऊन थांबली. शेजारची आठ वर्षांची बानू फ्रॉक सावरत आडवी आली.

“अगं, आपलं पाव्हणं हायेत! सोड!” मोहनराव धावत आले.

“तुमीच सांगितलंय काका, कुणाचीबी न्हाय.”

मुलाची आई सरुबाई गाडीतून उतरली आणि बांबूखालून वाकून आत आली. “चालत येतो की! काय खेळताय गं?”

“शिवणापाणी. आत आलं की खेळावं लागतंय. राज्य तुमच्यावर.”

सरुबाईनं कासोटा आवळला. डाळिंबाच्या बागेत पाखरांमागं धावलेली बाई ती; पोरांची पळापळ झाली. शेवटी तिनं दारात उभ्या रतनलाच शिवलं. “राज्य तुझ्यावर!”

मोहनराव हातानं ‘हळू, हळू’ करत होते. रतननं शिकवल्याप्रमाणे चार पावलं टाकली.

“पाय दुखत्यात का गं?” सरुबाईनं विचारलं.

मग मात्र रतननं पदर खोचला आणि भरधाव जाऊन सरुबाईला बांबूपाशी गाठलं. मोहनरावांनी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं.

“मोहनराव, पोरगी द्या आमाला,” सरुबाई धापा टाकत म्हणाली. “आमचा मळा गावापासनं कोसभर हाय. थोरली सून अशी चालती, की भाकरी पोचंस्तवर गार!”

गाडीतला मुलगा हसत होता. रतनही हसली.

लग्न झालं. सासरी न्यायला गाडी दारात उभी राहिली तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती. मोहनराव ओसरीवरून उठले, गल्लीच्या तोंडाशी गेले आणि आपल्या हातानं बांबू आडवा केला.

“काका, अजून चार न्हाय वाजलं,” बानू म्हणाली.

“वाजलं,” मोहनराव म्हणाले. “सहापर्यंत गाडी सोडायची न्हाय. कुणाचीबी.”

रतन गाडीतून उतरली आणि शालू खोचून सहापर्यंत पोरांमागं धावली. ओसरीवर मोहनराव टक्क जागे होते.